मागच्या गेटचा विषय

आमच्या सोसायटीच्या कमिटीत बायकांसाठी दोन जागा राखीव आहेत. एकीवर मी आहे आणि दुसरीवर तळमजल्यावरची शालू. मी निवडून आले म्हणजे काय, तर सेक्रेटरी हितेश एका संध्याकाळी दारात उभा राहून म्हणाला, "मायाताई, तुमचं नाव टाकतोय. काही करायला लागणार नाही." त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं निघालं.

महिन्याच्या पहिल्या रविवारी अकरा वाजता खाली सोसायटीच्या ऑफिसात सभा भरते. चेअरमन कुंडलिकराव विषय वाचतात, पुरुष माना डोलावतात आणि हितेश लिहितो, सर्वानुमते मंजूर. तोवर कोपऱ्यात शालू चहा गाळत असते आणि मी बिस्किटं मांडत असते. चहा हातात पडेपर्यंत विषय संपलेले असतात. ना वाद, ना आवाज चढवणं. सुरुवातीला मला वाटायचं, काय समजूतदार माणसं आहेत.

मग डोक्यात किडा वळवळायला लागला. आमच्या घरात माणसं तीन, तरी रात्री भाजी कुठली यावर एकमत होत नाही. इथे सात पुरुषांचं एका वाक्यात एकमत होतं, तेसुद्धा शहाडसारख्या ठिकाणी, जिथे रिक्षाच्या रांगेवरून भांडणं होतात. हे दुसरीकडे कुठेतरी शिजून इथे फक्त वाढलं जात होतं. पण कुठे? आई माझ्याबद्दल म्हणायची, हिला शेजारच्या चुलीवर काय आहे ते वासावरून कळतं. या वेळी मात्र काही केल्या कळत नव्हतं.

कळायलाच हवं, अशी वेळ लवकरच आली. सभेच्या आदल्या दिवशी ग्रुपवर विषय पडला: मागचं गेट कायमचं बंद करणे.

माझी मुलगी दीप्ती माजिवड्याला एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे, दुपारच्या शिफ्टला. रात्री शेअर रिक्षा तिला मागच्या गल्लीत सोडते आणि गेटातून आत शिरलं की जिना समोरच. पुढच्या गेटाने यायचं तर बंद कंपनीच्या लांबलचक भिंतीला वळसा घालायचा. त्या रस्त्याला दिवसासुद्धा कोणी नसतं.

माझे यजमान रवींद्र यांनी मेसेज वाचला आणि दीप्ती कामावर निघण्याआधी जेवता जेवता म्हणाले, "मग दीप्ती, तू ती शिफ्ट सोड."

"शिफ्ट सोडली तर नोकरी सुटली, बाबा. सकाळी जागाच नाहीये."

"मग इकडे कल्याणला बघ काहीतरी."

दीप्ती ताट तसंच ठेवून उठली. मला दोघांचा राग आला, पण खरा राग होता तो त्या एका ओळीच्या मेसेजचा. पोरीची नोकरी जाणार, आणि ती घालवणाऱ्याला त्याचा पत्ताही नाही.

मी हितेशला फोन केला. "सभेत बोलू ना ताई," तो म्हणाला. सभेत मी तोंड उघडेपर्यंत चहा उकळलेला असणार, हे मला माहीत होतं. फोन ठेवून मी यजमानांना विचारलं, "अहो, हे असले विषय ठरतात कुठे?"

"कुठे म्हणजे? सभेत," असं म्हणून त्यांनी गाल खाजवला. दाढी वाढलेली होती. "उद्या रविवार ना, उद्या करून येतो."

आणि माझ्या डोक्यात दिवा पेटला. रविवारच्या सभेत सातही पुरुष गुळगुळीत दाढी करून येतात आणि सातही गालांना पावडरचा एकच वास असतो. तो वास मी इतके महिने बिस्किटं मांडता मांडता घेत होते.

सकाळी कोथिंबिरीचं निमित्त करून मी पिशवी घेतली आणि पुढच्या गेटासमोरच्या साईनाथच्या सलूनची काच ढकलली. कुंडलिकराव खुर्चीत, तोंडाला फेस. बाकावर हितेश आणि बाकीची कमिटी. टोकाला पेपर वाचत माझे यजमान, जे कमिटीत नाहीतच.

साईनाथचा वस्तरा हवेत थांबला. "ताई, हे जेंट्स आहे."

"पाटी वाचली मी."

"कोणाला बोलवू का?"

"नको. केस कापायचेत."

यजमानांचा पेपर खाली आला. साईनाथ म्हणाला, "मला लेडीज कटिंग येत नाही हो."

"सरळ कापता येतं ना? मग झालं."

मी दुसऱ्या खुर्चीत बसले. गळ्याभोवती कापड आलं, आणि समोरच्या आरशात मला अख्खी कमिटी एका रांगेत दिसली. कुंडलिकरावांच्या गालावरचा फेस सुकायला लागला.

"माझं काही नाही," मी आरशातूनच म्हटलं, "चालू द्या तुमचं."

शेवटी कुंडलिकरावांनाच राहवेना. "गेटचं बोलत होतो, मायाताई. तिथून बाइकवाले घुसतात, डिलिव्हरीवाले घुसतात. कोण येतंय, कोण जातंय, पत्ता नाही. म्हटलं भिंतच घालून टाकू."

"खरंय. पण इथे बसलेल्यांपैकी त्या गेटातून चालत कोण येतं?"

आरशातल्या रांगेने एकमेकांकडे पाहिलं. "मी गाडीनेच येतो ना," हितेश म्हणाला. बाकीचेही गाडीनेच येत होते.

"मग मी सांगते कोण येतं. आमची दीप्ती. दुसऱ्या मजल्यावरची उत्तरा, क्लासवरून. आणि कुंडलिकराव, तुमची प्राची."

"आमची सून? ती तिकडून येते?"

"रोज."

माणूस वाईट नाही. त्यांनी टॉवेल ओढून अर्धा फेस पुसला आणि थोडा वेळ स्वतःच्याच तोंडाकडे आरशात बघत राहिले. मग म्हणाले, "राहू दे मग गेट." बाकावरच्या सगळ्या माना डोलल्या.

एवढंच? मला तर ते कापड गळ्यात असतानाच नाचावंसं वाटलं. साईनाथने मानेवर पावडर मारली, मी पैसे दिले आणि कोथिंबीर विसरून घरी आले. दीप्तीला सांगितलं, तुझं गेट राहिलं. ती आधी माझे केस बघून किंचाळली आणि मग गळ्यात पडली.

अकरा वाजता कुंडलिकरावांनी वाचलं, "मागचं गेट आहे तसं चालू ठेवणे." सगळ्यात पहिली मान माझी डोलली. हितेशने पेन टेकवलं.

"थांबा," कोपऱ्यातून आवाज आला. शालूच्या हातात गाळणं होतं. "काल बंद करायचं होतं ना? हे कधी बदललं?"

"सकाळी बोलणं झालं ना वहिनी," हितेश म्हणाला.

"कुठे?"

हितेशने वहीत डोकं घातलं. शालूने माझ्या कापलेल्या केसांकडे पाहिलं, मग मानेवरच्या पावडरकडे.

"तू पण होतीस?"

कानशिलं तापली माझी. इतके महिने जो प्रश्न मी मनात घोळवत होते, तोच ती विचारत होती, आणि या वेळी उत्तर मी होते. हितेशने पेन उचललं. पुढचा विषय म्हटलं की झालं असतं, दीप्तीची नोकरी वाचलेली होती.

"कुंडलिकराव," मी म्हटलं, "हा विषय परत चर्चेला घ्या."

"अहो, तुमच्याच मनासारखं झालंय ना?"

"शालूला कोणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही."

शालूने गाळणं ठेवलं. बसायला खुर्ची बघितली, तर खुर्च्या सातच होत्या. आम्ही दोघी आजवर उभ्यानेच कमिटीत होतो, हे माझ्याही लक्षात आलेलं नव्हतं. हितेश उठला आणि त्याने आपली खुर्ची तिच्याकडे सरकवली.

"माझी खिडकी त्या गेटावर आहे," शालू म्हणाली. "रात्री पोरं आत घुसून तिथे बाइक लावून बसतात, रेस करतात. माझी सासू अंथरुणावर आहे. दचकून उठते, मग सकाळपर्यंत डोळा नाही. मला ते गेट बंदच हवंय."

स्वतःच्या हाताने उघडलेला विषय आता स्वतःच्या हाताने हरायची वेळ होती. मी दीप्तीचं सांगितलं. ती म्हणाली, तुझी मुलगी दोन मिनिटांत निघून जाते, मी रात्रभर तिथेच असते. मी चिडले, तीही चिडली. कुंडलिकराव मध्ये पडले, तर आम्ही दोघींनी त्यांना गप्प केलं. सोसायटीच्या ऑफिसात पहिल्यांदाच आवाज चढला. कोपऱ्यात चहाला उकळी येऊन तो उतू गेला आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही.

शेवटी शालूच वैतागून म्हणाली, "अगं, मला काय तुझ्या पोरीचं वैर आहे? बाइक बंद करा, माणसं येऊ देत."

म्हणून गेटाच्या मधोमध लोखंडी खांब बसला. माणूस जातो, बाइक जात नाही. वर दिवाही लावला. दीप्ती त्या दिव्याखालून येते आणि जाता जाता शालूच्या खिडकीला हात करते. शालूची सासू जागी असली तर आतून उलट हात करते, झोपली असली तर नाही. ती झोपलेलीच जास्त बरी.

परवा रविवारी यजमान दाढी करून आले. मी विचारलं, "काय ठरलं आज?"

"काही नाही. कुंडलिकराव म्हणाले, सभेत बोलू."

माझा अजून विश्वास बसलेला नाही. पुन्हा जाऊन बघावं तर माझे केस अजून वाढलेले नाहीत. शालू म्हणते, पुढच्या सभेआधी ती जाईल. तिचे चांगले लांबसडक आहेत, थोडे थोडे कापले तर वर्षभर पुरतील.