ताईची बाजू

सकाळचा उजेड ताईच्या खोलीत शिरतो तो कुणाला उठवण्यासाठी नव्हे. आधी तो खिडकीच्या दुधी काचेवर नुसता थबकतो, आत यावे की परत फिरावे असा विचार करणाऱ्या पाहुण्यासारखा. मग पडद्याची एक कडी जिथे निसटलेली आहे त्या कोपऱ्यातून तिरका उतरतो आणि समोरच्या भिंतीवर एक फिकट चौकट मांडतो. ती चौकट हळूहळू पिवळी होत खाली सरकते: रिकाम्या खिळ्यावरून, इस्त्रीच्या टेबलावरून, त्यावर घड्या घालून ठेवलेल्या बाबांच्या शर्टांवरून, आणि अखेरीस खिडकीजवळ मिटून पडलेल्या लॅपटॉपवर येऊन विसावते. तेव्हा कुठे झाकणावरची धूळ दिसू लागते. धुळीत कपाच्या बुडाचे वर्तुळ, आणि नखाने अर्धवट खरवडलेले एक चिकटचित्र. त्या उजेडाला कसलीही घाई नसते. ज्या खोलीत कुणी राहत नाही, तिथे तोही पाय न वाजवता वावरतो.

‘कुणी राहत नाही’ असे मात्र मी तेव्हा म्हणत नसे. ताई बाहेरगावी आहे, असे म्हणत असे. ती नोकरीसाठी सहा महिने म्हणून गेली, त्याला आता तिसरे वर्ष लागले होते. जाताना तिने लॅपटॉप मिटला आणि म्हणाली, “हा तुला घे. कुरकुरतो, पण स्वभावाने गरीब आहे. तुझ्यासारखाच.” मी तो घेतला नाही. सांभाळला. खोलीही घेतली नाही. बैठकीतल्या सोफ्यावर झोपत राहिलो. सोफा माझ्यापेक्षा वीतभर आखूड असल्यामुळे माझे पाय वाटेत लोंबत, आणि रोज पहाटे पाणी प्यायला उठलेले बाबा त्यांना धडकत.

“अरे, हे पाय आहेत की फाटकाचा अडसर?” बाबा कळवळत.

“तिकडे अख्खी खोली मोकळी पडलीय,” आई आतून म्हणे. “पण आमच्या चिरंजिवांना हवाय टोलनाका.”

“ताई आली म्हणजे?” मी विचारी. यावर बाबा पाय चोळत आत जात, आई नळ सोडी, आणि मी त्याचा अर्थ मला सोयीचा तेवढाच घेई.

मी एका छापखान्यासाठी मुद्रिते तपासतो. हे काम माझ्या प्रकृतीला मानवते. त्यात माणसांशी बोलावे लागत नाही, फक्त त्यांच्या चुका मूकपणे दाखवाव्या लागतात. छापखान्याने यापुढे हे काम घरी संगणकावर करा असे कळवले, तेव्हा ताईच्या लॅपटॉपला हात लावणे भागच पडले. पण त्यावर तिची जुनी सिस्टिम होती, तिच्या वस्तू होत्या. म्हणून मी ठरवले: जुने जसेच्या तसे ठेवायचे, आणि शेजारी दुसरी, नवी, फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम बसवायची. ताई येईल तेव्हा तिची बाजू तिला जशी सोडली तशी मिळाली पाहिजे. या बाबतीत माझ्या मनात कसलाही संदेह नव्हता. संगणकाविषयी मात्र मला काहीच येत नव्हते.

इंटरनेटवर एक शिक्षक सापडले. त्यांचा आवाज कमालीचा आनंदी होता. “अगदी सोप्पंय, मित्रांनो!” ते दर वाक्याला म्हणत. त्यांच्या सांगण्यानुसार प्रथम एक पेन ड्राइव्ह लागणार होता, आणि त्यावरचे सगळे पुसले जाणार होते.

“माझा घे,” बाबा तत्परतेने म्हणाले.

“त्यात काही महत्त्वाचं नाही ना?”

“छे छे! कचरा आहे नुसता. पुसून टाक. आत्ताच टाक.”

बाबांनी इतक्या उदारपणे आजवर कुणाला काही दिले नव्हते; मला तेव्हाच शंका यायला हवी होती. छापखान्यातल्या संगणकावर मी तो पेन ड्राइव्ह पुसून नवी सिस्टिम त्यावर चढवली. घरी आलो तर आई कपाट उलथेपालथे करत होती.

“तो काळा पेन ड्राइव्ह बघितलास का रे? त्यात यांचं घोरणं रेकॉर्ड करून ठेवलंय मी. डॉक्टरांना ऐकवायचंय. मी घोरतच नाही, म्हणतात!”

बाबा वर्तमानपत्राच्या आड गेले. वर्तमानपत्र हलत होते.

दुसरी अडचण बटणाची. लॅपटॉप सुरू होताहोताच वरच्या रांगेतले शेवटचे बटण दाबले, तरच पेन ड्राइव्ह निवडता येत होता. ते बटण केव्हाच गळून पडले होते. त्या जागी एक रबरी बोंड तेवढे उरले होते. क्षणभर उशीर झाला असता तर ताईची बाजू जागी झाली असती, आणि तिच्या नावापुढे मी परक्यासारखा उभा राहिलो असतो. म्हणून मी पेन्सिलीच्या मागच्या टोकाने त्या बोंडावर सुतारपक्ष्याच्या तन्मयतेने टकटक करत राहिलो. ते साधले. पडद्यावर अक्षरे धावली, एक पट्टी भरू लागली. पाव, अर्धी, पाऊण. आई इस्त्री संपवून खोलीतून निघाली, आणि पडदा काळा झाला.

आमच्या घरात खोलीबाहेर पडणारे माणूस मागची सगळी बटणे बंद करूनच जाते. हे संस्कार आईचेच. तिचा हात दिव्यापाशी गेला की पंख्यावरून, तिथून प्लगवर आपसूक उतरतो. लॅपटॉपची बॅटरी मेलेली असल्यामुळे त्याचा प्राण त्या प्लगातच होता.

“आई! चाललं होतं ना!”

“मग सांगायचं नाही? इतका चिडीचूप बसतोस की खोलीत आहेस हेच कळत नाही.”

दुसऱ्या दिवशी आईने स्वतःच्या हाताने प्लगवर चिकटपट्टी लावली आणि पुन्हा पहिल्यापासून टकटक झाली. या वेळी पट्टी पूर्ण भरली, आणि नव्या सिस्टिमने विनयाने विचारले: तुम्हांला किती जागा द्यायची आहे? डिस्कच्या टोकाला एक चिंचोळी पट्टी रिकामी होती, तीच मी दिली. ‘जागा अपुरी आहे,’ असे उत्तर आले. आत शिरता येईना.

“सोफ्यावर झोपवतोय वाटतं बिचाऱ्याला,” खांद्यावरून डोकावत बाबा म्हणाले.

मी दुर्लक्ष केले. आनंदी शिक्षक म्हणत होते की जुन्या बाजूची जागा थोडी आवळा, अगदी सोप्पंय. थोडी आवळल्याने काही बिघडत नाही, ती पुन्हा वाढवता येईल, अशी मनाची समजूत घालून मी ती आवळायला गेलो, तर नवाच संदेश आला: जुनी सिस्टिम बंद झालेली नाही, ती झोपलेली आहे. आधी तिला उठवा, आत जा, आणि नीट बंद करून या.

म्हणजे ताईने तो बंद केलाच नव्हता. नुसता मिटला होता. बॅटरी मेली, ऋतू उलटले, आणि आत तिची ती दुपार तशीच निजून राहिली होती. परत यायचे असते म्हणूनच माणूस असे अर्धवट मिटून जाते, अशी माझी खात्री पटली.

मी तिला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. “ताई, लॅपटॉपचा पासवर्ड सांग.”

“कोण, गोगलगाय? आज स्वतःहून फोन? बरा आहेस ना?” मागे कुठेतरी भिंतीत खिळा ठोकल्याचा आवाज येत होता.

“पासवर्ड.”

“कसला पासवर्ड? काढून टाकला होता की मी जायच्या आधी. तुला वापरायला बरं म्हणून. नुसतं एंटर दाब.”

मी नुसते एंटर दाबले. ज्या दारापाशी मी इतका काळ अदबीने उभा होतो, त्याला कडीच नव्हती.

आत काहीही नव्हते. एक फाईल नाही, फोटो नाही, कचऱ्याची टोपलीसुद्धा रिकामी. तिने सगळे बरोबर नेले होते. झाडून, पुसून, एखाद्या चांगल्या भाडेकरूसारखे. पडद्यावर उघडा होता तो एकट्याने खेळायचा पत्त्यांचा अर्धा डाव.

“काय दिसतंय?” ताईने विचारले.

“पत्ते.”

“अय्या! तो डाव! जिंकत होते ना मी?”

मी मुद्रिते तपासतो. पाहणे हाच माझा धंदा आहे. “नाही,” मी म्हणालो. “एकही चाल उरलेली नाही. हरली होतीस.”

“म्हणूनच मिटला असेल धाडकन!” ती खळखळून हसली. “आणि आईला सांगू नकोस. दार लावून अभ्यास करते, असं समजायची ती.”

“मी ऐकतेय हं,” आई इस्त्रीच्या टेबलावरून म्हणाली.

मी डाव बंद केला. ‘जपून ठेवायचा का?’ असे त्याने विचारले. फोनमध्ये पुन्हा खिळा वाजला.

“काय ठोकतेयस?”

“कपड्यांच्या खुंट्या. नव्या घरात. सांगितलं होतं ना तुला, घर घेतेय म्हणून? दोनदा. दोन्ही वेळा तू म्हणालास, आवाज तुटतोय, नंतर बोलू.”

उजेडाची चौकट लॅपटॉपवरून उतरून जमिनीवर गेली होती. मी ‘नाही’वर बोट ठेवले, जुनी सिस्टिम नीट बंद केली, पेन्सिल उचलली आणि टकटक केली. जागेचा प्रश्न पुन्हा आला. या वेळी मी सरकपट्टी पकडून बरीच लांब ओढली. ताईला एक खुंटीभर जागा ठेवली, बाकीची घेतली.

“बाबा,” मी हाक मारली, “माझी गादी या खोलीत आणायला जरा हात लावता का?”

ते इतक्या लगबगीने आले की वाटेत नसलेल्या पायांनाही अडखळले.

“हॅलो? ऐकू येतंय का रे?” ताई विचारत होती.

ऐकू येत होते. आधीच्या दोन्ही वेळीही आवाज मुळीच तुटत नव्हता. ताई आता इथे राहायला येणार नव्हती.