मैनेच्या पोटातली आग

हसा, खुशाल हसा! मी घोड्याच्या ॲसिडिटीच्या पावडरीचा डबा बोलतोय. पेणच्या दुकानात गिऱ्हाईकं मला बघून असंच खिदळायची. मी आपला फळीवर ऐटीत बसलेला. म्हटलं, येईल कुणी कदर करणारा.

आला तो गडब गावचा केरू. त्याची पांढरी घोडी मैना नवरदेवांना मिरवायची. पण हल्ली ती चंदीचा दाणा अर्धा टाकायची, दात खायची, वळून वळून पोटाकडे बघायची. आणि केरूच्या लेकीचं, अनिताचं लग्न महिन्यावर आलेलं! मैनेला शिंगरू असल्यापासून तिनंच वाढवलेलं. नवरा येईल तर मैनेवरूनच, असा तिचा हट्ट.

केरू मला कोंड्यात कालवून चारायचा. मैनेला जरा बरं वाटायचं, की माझी छाती फुगलीच! पण प्रत्येक वरातीनंतर पुन्हा ये रे माझ्या मागल्या. मी निम्मा संपलो. खरं सांगतो, मला माझीच लाज वाटायला लागली.

शेवटी केरूची बायको बायजा कडाडली, "वरातीत लीद पडू नये म्हणून सकाळपास्नं तिला उपाशी बांधता, नि वर पावडर चारता व्हय? एकादशीला माझ्या पोटात काय आग पडते, मला इचारा!"

"अगो, मांडवाच्या दारात लीद पडली तर लोक हसतील."

"हसू देत. लोक हसले म्हणून कुणाच्या पोटात आग पडत नाय."

गुरांच्या डॉक्टरांनीही तपासून तेच सांगितलं. औषध दिलं आणि बजावलं, आधी गवत, मग डबा. तेव्हापासून मैनेपुढे दिवसभर पेंढी असायची.

लग्नाच्या दिवशी धाटावच्या कंपनीतला नितेश नवरदेव होऊन मैनेवर बसला. मुलीचा बाप असूनही लगाम केरूनंच धरला. मी ओटीवरून बघत होतो. काय ती मान, काय ते ताशावर नाचणारे पाय! आणि नेमकी मांडवाच्या दारात पडली की हो लीद! ताशा थांबला. केरू गोरामोरा झाला.

तेवढ्यात अनिता शालू सावरत धावत आली आणि मैनेच्या गळ्यात पडली. "आये, पोट भरलंय गो हिचं!"

सगळा मांडव हसला. केरू तर डोळे पुसत हसला.

आता माझ्यातली पावडर संपली. माझ्यात मैनेचे हरभरे भिजत असतात. बाबांनो, गरज पडली तर माझ्यासारखा डबा जरूर न्या, पण आधी घोडीपुढे गवत टाका. रिकामं राहिलेलं मला चालतं, तिला नाय चालत.