भट्टीला लागलेलं वारं

"शेठ, भट्टीच्या दाराला हात लावू नका. ओली बाळंतीण आहे ती. वारं लागेल." भट्टीवाल्या मामांनी हात आडवा धरला.

"उद्या माल गेला नाही ना मामा, तर कारखानाच बाळंतरोगाने जाईल!" शेठ हसले.

कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, एक विजेची भट्टी आणि पाच माणसं. पंपाचे दांडे झिजू नयेत म्हणून त्यांच्यावर चिनी मातीसारखा कडक थर चढवतात. त्या थराची भुकटी इथे भाजली जाई. निम्मा खर्च विजेचाच. त्यात भाजलेल्या मालातला बराचसा चाळणीत फार बारीक निघे, तो फुकट जाई. बाहेरची भुकटी हल्ली याहून स्वस्त मिळे. एकुलतं मोठं गिऱ्हाईक टिकून होतं, ते माल वेळेवर मिळतो म्हणून. आणि नेमकी याच खेपेला वीज गेल्याने भट्टी उशिरा तापली होती.

"दोन दिवस निवू द्या तिला. गार वाऱ्याने आतलं अस्तर फुटलं तर पुढच्या खेपेचं काय?"

"ही खेप चुकली तर पुढची कुठली, मामा?"

देवाने माणसाला घाई दिली आणि मातीला सबुरी, आणि दोघांना एका छपराखाली नांदायला लावलं! मनातल्या मनात त्याचं नाव घेऊन मामांनी आडवा हात खाली घेतला.

"सरका. मीच उघडतो. तुम्हाला सवय नाही, भाजाल."

दार उघडलं आणि आत टक्क वाजलं, काच तडकावी तसं. दोघांनीही ऐकलं.

माल वेळेवर पोचला. दोन-चार दिवसांनी गिऱ्हाइकाचा फोन आला. तो ठेवून शेठ पोत्यावर बसले.

"दुप्पट माल मागतायत."

"मग तोंड गोड करा की! सुतकी चेहरा कसला?" चाळणीवाल्या वहिनी म्हणाल्या.

शेठनी नुसतं भट्टीकडे बोट दाखवलं. आतलं विटांचं अस्तर वरपासून खालपर्यंत फुटलं होतं. नवं घालायला दोन वर्षांची कमाई लागणार होती, आणि तोवर गिऱ्हाईक थोडंच थांबतंय?

वहिनींनी चाळणी खाली ठेवली.

"चूक माझी, मामा," शेठ म्हणाले.

"आपली म्हणा, शेठ. दार मी उघडलं."

"तुम्ही अडवलं होतंत मला."

"अडवलं. धरून नाही ठेवलं."

संध्याकाळी सगळे गेल्यावर मामांनी भट्टी आतून झाडली, सांडलेली भुकटी सुपात भरली. मग जाड हातमोजे चढवले आणि ते गारठलेलं दार, जणू अजून चटका बसेल अशा बेताने, हळूच लोटून घेतलं.