नावं गेली, फाईली राहिल्या

“आता काय विचारतंय ते?” फोनवरून सत्यजीतनं विचारलं.

“मला कसं कळणार? मशीन तिकडे आहे आणि फोन इकडे,” दमयंतीबाई म्हणाल्या. “मघाचं वाचून दाखवलं, त्याला तू वाय दाबा म्हणालास. दाबला. आता परत जाऊन बघते.”

“बघा, मी होल्ड करतो.”

फोन डॉक्टरांच्या खोलीत होता आणि कॉम्प्युटर व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला, रेकॉर्डच्या खोलीत. सकाळी साडेआठपासून दमयंतीबाईंच्या या दोन टोकांमध्ये बारा खेपा झाल्या होत्या. पडद्यावर इंग्रजीत प्रश्न उमटायचा. बाई तो पाठकोऱ्या कागदावर अक्षर न अक्षर उतरवून घ्यायच्या, व्हरांड्यात बसलेल्या पेशंटांचे पाय चुकवत फोनपाशी यायच्या आणि वाचून दाखवायच्या. कॉम्प्युटर कंपनीच्या वाशीच्या ऑफिसात बसलेला सत्यजीत म्हणायचा, “वाय दाबा.” परत जाऊन वाय दाबावा, तर पुढचा प्रश्न तयारच.

“अरे, तू इथे का येत नाहीस?” तेराव्या खेपेला बाईंनी विचारलं.

“मॅडम, आज कुणीच मोकळं नाही. सोमवारी पहिला कॉल तुमचाच.”

“सोमवारी येऊन काय माझी पूजा करणार आहेस? आमचा वार शनिवार आहे!”

पनवेलच्या त्या धर्मादाय दवाखान्यात दर शनिवारी क्षयाच्या पेशंटांना औषधं मिळत. आजूबाजूच्या वाड्यांतून, खाडीकडच्या गावांतून माणसं सकाळीच येऊन बसत. तेवीस वर्षं त्यांची नोंद दमयंती गुप्ते ठेवत होत्या. एकवीस वर्षं ती जाडजूड रजिस्टरांत होती. मग मुंबईच्या एका दात्यानं कॉम्प्युटर दिला आणि विश्वस्तांनी रजिस्टरं रद्दीत काढली. “वर्षभर दोन्ही ठेवू या,” असं बाई म्हणाल्या होत्या. त्यावर एक विश्वस्त हसून म्हणाले, “गुप्तेबाई, एकविसावं शतक चार-पाच वर्षांवर आलंय.”

बाईंनी सत्तेचाळिसाव्या वर्षी ते यंत्र शिकून घेतलं. सत्यजीतनं करून दिलेल्या पद्धतीत प्रत्येक पेशंटची एक फाईल असे. फाईलचं नाव तेच पेशंटचं नाव. आत पुन्हा नाव लिहायला जागाच नव्हती. तेही फक्त चौदा इंग्रजी अक्षरांत बसवायचं, गावासकट. मग कुणाच्या आडनावाची शेपटी कापली जाई, कुणाच्या गावाचे स्वर गळत. आत तारखा, वजन, दिलेली औषधं आणि खाली शेरा. शेरा बाई इंग्रजी अक्षरांत मराठीत लिहीत, आणि जरा ऐसपैसच लिहीत. “शेऱ्यात वैद्यकीय माहितीच हवी,” अशी त्यांना एकदा लेखी समज मिळाली होती. ती त्यांनी फाईलला लावली आणि लिहीत राहिल्या.

काल संध्याकाळी बाई घरी गेल्यावर लाईट गेले. मशीनला आधार देणारी बॅटरी ऑगस्टपासून मेलेली होती. बॅटरीबद्दल बाईंनी तीन पत्रं पाठवली होती. तिन्हींना ‘नोंद घेतली आहे’ असं उत्तर आलं होतं. फाईलींच्या जादा प्रती ठेवायचं टेपचं यंत्र तर मे महिन्यापासून बंद. डिस्कवर आपलं आपण काही लिहीत असतानाच मशीन बंद पडलं, आणि आज ते सुरूच व्हायला तयार नव्हतं. आधी डिस्क तपासून दुरुस्त करा, मग पुढचं, असा त्याचा हेका होता.

एकोणिसाव्या खेपेला पडद्यावर आलेला प्रश्न बाईंना वेगळा वाटला. त्यात एक ओळखीचा शब्द होता: रुग्ण. त्यांच्या सगळ्या फाईली ज्या कप्प्यात होत्या, त्याचं नाव. आणि शेवटी विचारलं होतं, ‘क्लिअर?’

बाईंचा हात कीबोर्डवरून मागे आला. त्या फोनकडे जवळजवळ पळतच गेल्या.

“हा कप्पाच पुसायचा म्हणतंय,” त्या धापा टाकत म्हणाल्या.

पलीकडून त्यानं पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग सत्यजीत म्हणाला, “वाय दाबावा लागेल, मॅडम.”

“काय पुसलं जाणार ते आधी सांग.”

“कप्प्याची यादी खराब झालीये. ती जाईल. फाईली राहतील, पण... नावं जातील. सगळ्या एका वेगळ्या जागी निघतील. नुसते नंबर असतील.”

“म्हणजे एकशे चाळीस पेशंट, आणि कोण कोण ते माहीत नाही?”

“नाहीतर मशीन चालू होणारच नाही. दुसरा मार्ग असता तर सांगितला असता.” मग तो हळूच म्हणाला, “सॉरी.”

बाईंनी रिसीव्हर आपटला. दवाखान्यात त्यांनी फोन आपटल्याचं आजवर कुणी पाहिलं नव्हतं. बाई चालत गेल्या, खुर्चीत बसल्या, पडद्याकडे एकदा बघून घेतलं आणि वाय दाबला.

पावणेदहाला मशीन सुरू झालं. सत्यजीतनं सांगितलेल्या जागी फाईली होत्या. प्रत्येकीच्या आधी जाळीसारखं चिन्ह आणि पुढे आकडा. वरपासून खालपर्यंत आकडेच आकडे.

त्याच वेळी भामा दारात येऊन उभी राहिली. करंजाड्याकडच्या कातकरवाडीतली. पाठीला गाठोडं, काखेत पातेलं.

“बाई, माजं आवषीद लवकर द्या. इटांच्या भट्टीवर चाललू आमी. टरक बाराला सुटल, मुकादम थांबायचा नाय.”

बाई तिला घेऊन डॉक्टर गुरुदत्त रेग्यांकडे गेल्या. डॉक्टर तरुण होते, ऑक्टोबरात रुजू झाले होते. माणूस वाईट नव्हता, पण कागदाशिवाय त्यांचं पाऊल पडत नसे.

“रेकॉर्ड?”

“सापडतंय. पण मला आठवतंय, डॉक्टर. हिची इंजेक्शनं आधीच्या डॉक्टरांनी बंद केली होती. कानात आवाज यायला लागला होता. गोळ्या चालू आहेत, सहावा महिना.”

“बाई, महिनाभरात मी दीडशे पेशंट बघतो. तुमच्या आठवणीवर मी औषध लिहू शकत नाही. रेकॉर्ड नसेल तर पहिल्यापासून कोर्स. इंजेक्शनसकट. नाहीतर सोमवारी या म्हणावं.”

“सुई नको,” भामा म्हणाली. “कान वाजतान.”

“सुई नको असं सगळेच म्हणतात,” डॉक्टर म्हणाले. त्यांचंही अगदीच चूक नव्हतं.

“सोमवारी ती पनवेलात नसेल,” बाई म्हणाल्या. “सहा महिने नसेल. मला बारापर्यंत वेळ द्या.”

त्या रेकॉर्डच्या खोलीत आल्या आणि पहिला आकडा उघडला. वजन चव्वेचाळीस, पुरुषाचं असावं. शेरा: ‘मुलगी औषध न्यायला येते, स्वतः लाजतो.’ हा मोऱ्याचा बळीराम. बाईंनी कागदावर आकड्यापुढे नाव लिहिलं. दुसरा आकडा. ‘गोळ्या तोंडात धरून बाहेर थुंकते. समोर बसून गिळायला लावणे.’ ही उलव्याची जिजा. व्हरांड्यातच बसली होती. तिसऱ्यात शेराच नव्हता. त्या दिवशी आपण इतक्या कसल्या गडबडीत होतो, म्हणून बाई स्वतःवरच चिडल्या. चौथा. पाचवा. यंत्र प्रत्येक फाईल उघडायला आपल्या मर्जीनं वेळ घेत होतं, आणि बाई पुटपुटत होत्या, “आटप, आटप रे बाबा.” भामा दारातच उकिडवी बसली होती. साडेदहा वाजले, अकरा वाजले. एक्काहत्तर फाईली झाल्या.

चौऱ्याहत्तरावी उघडली आणि बाई थांबल्या.

वजन छत्तीस. ‘सेहेचाळीस इंजेक्शनांनंतर बंद, कान वाजतात. रानातले करांदे घेऊन आली. नको म्हटलं तर रुसली. मग घेतले. उकडून छान लागतात.’

बाईंनी डॉक्टरांना मशीनपाशीच आणलं. त्यांनी सगळं वाचलं. करांद्यांपाशी त्यांची भुवई वर गेली. पण ते म्हणाले, “यात नाव कुठे आहे? ही फाईल हिचीच कशावरून?”

“तिलाच विचारा. मी बोलत नाही.” बाई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

डॉक्टर भामाकडे वळले. “शेवटची सुई कधी घेतलीस?”

तारीख भामाला कुठून माहीत असणार? ती विचारात पडली. दारातून बाहेर बघत बोटांवर मोजत राहिली. बाईंनी ओठ घट्ट मिटून घेतले.

“गवरी बोळवल्या ना,” भामा म्हणाली, “त्याच्या दुसऱ्या दिशी. नाचून पाय दुखत व्हते, तरी आलू.”

डॉक्टरांनी पडद्यावरची तारीख पाहिली. भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं मागे उलटली, गौरी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवसावर बोट ठेवलं. तारीख तीच होती. मग खिशातलं पेन काढलं आणि उभ्या उभ्याच तीन महिन्यांच्या गोळ्या लिहून दिल्या. इंजेक्शन लिहिलं नाही. “संपायच्या आत कुणाला तरी पाठव,” ते भामाला म्हणाले. जाता जाता बाईंनाही म्हणाले, “बाकीच्यांनाही मी आज हातानं लिहून देतो. तुम्ही शोधत राहा.”

साडेअकराला भामा पुड्या गाठोड्यात खोचून फाटकाबाहेर पडली.

सोमवारी सत्यजीत आला. बाई व्हरांड्यात शनिवारी राहून गेलेल्या पेशंटांना नावं विचारत, कागद घेऊन आत-बाहेर करत होत्या. तो बराच वेळ बघत उभा राहिला. मग मशीनपाशी बसून त्यानं फाईलच्या आत नावासाठी एक ओळ वाढवून दिली.

“झालं. दोन मिनिटांचंच काम होतं,” तो म्हणाला.

“दोन मिनिटांचं होतं, तर दोन वर्षं काय करत होतास?” बाईंनी विचारलं. बाईंनी त्याच्यापुढे चहा ठेवला आणि बॅटरीचं चौथं पत्र त्याच्या हातात दिलं.

डिसेंबर संपेपर्यंत एकशे सदतीस फाईलींना नावं मिळाली. उरल्या तीन. त्यांतल्या शेवटच्या तारखा ऑक्टोबराच्या होत्या. एकाचं वजन एकतीस किलो होतं. शेरे नव्हते. बाईंनी वाड्यांवर निरोप धाडले, नर्सबाईंना विचारलं, झोपेतसुद्धा चेहरे आठवून पाहिले. कुणी विचारत आलं नाही.

फेब्रुवारीत नवी डिस्क बसली, नवी बॅटरीही आली. सगळं उतरवून घेताना सत्यजीत थांबला. “मॅडम, या तीन काढून टाकू? जागा अडवतायत.”

“किती जागा अडवतायत?”

“तशी काही नाही.”

“मग राहू देत.”

आकड्यांआधीचं ते चिन्ह यादीत सगळ्या अक्षरांच्या आधी लागतं. त्यामुळे शनिवारी सकाळी बाई मशीन सुरू करत, तेव्हा पेशंटांच्या नावांच्या वर ते तीन आकडे येत. एकदा यादी तपासायला डॉक्टर रेगे शेजारी येऊन उभे राहिले.

“हे वरचे तीन कोण?” त्यांनी विचारलं.

“यायचेत अजून,” दमयंतीबाई म्हणाल्या. यादी खाली सरकवून त्यांनी व्हरांड्याकडे तोंड केलं आणि पहिलं नाव पुकारलं.