मांगे सरका, वारा लागी

पिंप्राळ्यातल्या चहाच्या टपरीवर कुंदन बोलायला लागला की बाकीच्यांचा चहा गार व्हायचा. मुख्तारभाईंची आयशर तो चालवत होता. केळी, कांदा, मका, मिळेल ते भाडं घ्यायचं, आणि हा माल काही डांबरी रस्त्यावर पिकत नाही. गाडी शेतात घालावी लागते, नाल्यातून काढावी लागते, पाटाच्या भरावावरून जीव मुठीत धरून न्यावी लागते. त्यामुळे कुंदनकडे गोष्टींना तोटा नव्हता. नशिराबादकडच्या एका केळीच्या बागेत गाडी इतकी कलली की खिडकीतून नुसती काळी माती दिसत होती. वरणगावकडच्या एका नाल्यात ब्रेक लागलेच नाहीत आणि गाडी मागच्या मागे डोहापर्यंत गेली. हे सगळं तो हवेत स्टिअरिंग फिरवून सांगायचा. मरणाच्या दारातून परत आलो, हे वाक्य तो सासुरवाडीहून परत आल्यासारखं खुशीत म्हणायचा. ऐकणारे ‘मानलं भो तुला’ म्हणायचे, आणि तेवढं ऐकायलाच तर सगळा खटाटोप होता.

त्या सगळ्या गोष्टींमध्ये गाडीत तो एकटाच असायचा. ही गोष्ट मात्र त्याच्या कधी ध्यानात आली नव्हती.

यंदा आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली आणि दीपमालाच्या पोराचं जावळ काढायचं ठरलं. दीपमाला त्याची धाकटी बहीण, धुळ्याजवळच्या एका गावात दिलेली. तिच्या सासरची कुलदेवी साक्रीच्या पुढे डोंगरात, एका खिंडीपलीकडे. तिथे मामाच्या मांडीवर बसवून पोराचे पहिले केस काढायचे, बोकड कापायचा, भाऊबंदांना जेवू घालायचं, अशी त्यांची रीत. दीपमालाचा नवरा गिरधर क्रूझर ठरवायला निघाला होता. कुंदननं फोनवरच त्याला अडवलं. मामाची गाडी असताना भाड्याची गाडी कशाला? मुख्तारभाईंनीही दिलदारपणे आयशर दिली.

यात बहिणीची माया होती, नाही असं नाही. पण एक जुना काटाही होता. लग्नाच्या वेळी गिरधरच्या भाऊबंदांपैकी कोणीतरी ‘पोरीचा भाऊ डायव्हर शे’ असं म्हणालं होतं, आणि म्हणताना नाक जरा मुरडलं होतं. डायव्हर म्हणजे काय चीज असते ते यांना एकदा दाखवायचं, असं कुंदनच्या मनानं तेव्हापासून घेतलं होतं.

सकाळी गाडी भरली. ताडपत्रीवर सतरंजी, सतरंजीवर बायाबापड्या, पातेली, मसाल्याचे डबे आणि एका कोपऱ्यात बिचारा बोकड. पोराची आजी धुरपदाबाई नातवाला कुरवाळत होती. साक्री मागे पडली, आणि पुढे बघतात तो पुलाचं काम काढलेलं, रस्ता बंद. एका गुराख्यानं जुनी गाडवाट दाखवली. ती नाल्यातून खिंडीवर चढत होती आणि पलीकडे देवीच्या पायथ्याशी उतरत होती.

नाला कोरडाच होता, पण वाळूत पुढचं चाक रुतलं आणि गाडी एका अंगाला झुकली. बाया ओरडल्या. कुंदननं झटका देऊन गाडी बाहेर काढली तशा त्याच बाया हसल्या आणि कोणीतरी ‘वा रे मामा’ म्हटलं. कुंदनला ते कानातल्या अत्तरासारखं वाटलं. मग समोर चढण आली आणि त्यानं गाडी थांबवली.

चढण मुरमाची होती, सुट्ट्या, पायाखालून निसटणाऱ्या. एका हाताला डोंगर, दुसऱ्या हाताला दरी. रिकामी आयशर अशा मुरमावर चढत नाही. मागच्या चाकांवर वजन नसलं की चाकं जागच्या जागी फिरतात आणि गाडी घसरते. कुंदनला हे पक्कं ठाऊक होतं.

आणखी एका माणसाला ठाऊक होतं. गिरधरचे चुलते लोटननाना, उभी हयात ट्रक चालवण्यात गेलेले, आता गुडघे धरून बसणारे. ते मागून उतरून लंगडत केबिनपाशी आले आणि हळू आवाजात म्हणाले, “लोकेसले उतारी दे भो. नालामातून दगडं आनू, मांगे भरू, मंग चढाव गाडी.”

“नाना, दुपार व्हई जाई,” कुंदन म्हणाला. “मी काय पहिल्यांदा चढाई ऱ्हायनू का?”

दुपार व्हायला अवकाश होता. देवीच्या दारात मुहूर्त वगैरे काही नव्हता. त्याच्या डोळ्यांपुढे एवढंच आलं, की गिरधरचे भाऊबंद नवे कपडे घालून दगड वाहताहेत आणि एकमेकांना म्हणताहेत, क्रूझर केली असती तर बरं झालं असतं. ते त्याला सोसवलं नसतं. आणि दगड आणायचे कशाला? वजन तर गाडीत बसलेलंच होतं. फक्त ते पुढे, केबिनच्या मागे दाटीवाटीनं बसलं होतं. ते मागे, चाकांवर यायला हवं होतं.

तो टायरवर पाय देऊन वर चढला आणि हसत ओरडला, “पुढे काबरं गर्दी करतस? मांगे सरका, वारा लागी!”

उन्हानं सगळे हैराण झालेच होते. दीपमाला सर्वांत आधी उठली. पोर पदराखाली झोपलं होतं, ते सांभाळत ती थेट मागच्या फळक्याला टेकून बसली. भाऊ सांगतो आहे म्हटल्यावर तिला दुसरं काही विचारायचं नव्हतं. तिच्यामागोमाग बाकीचेही सरकले. लोटननानांनी कुंदनकडे एकदा पाहिलं. काही बोलले नाहीत. स्वतः फळक्यापाशी जाऊन पुतणसुनेच्या शेजारी बसले.

गाडी चढली, चांगली चढली. माथा हाकेच्या अंतरावर राहिला असताना मागची चाकं सुटली. आधी आवाज बदलला, मग गाडीची शेपटी सावकाश दरीकडे वळायला लागली. कुंदननं आरशात पाहिलं. चाकाखाली मुरूम दिसायला हवा होता, तिथे खाली दरीतल्या साबरीचे, निवडुंगाचे शेंडे दिसले. मागून जो ओरडा उठला त्यात बहिणीचा आवाज त्याला वेगळा ऐकू आला. पुढचं त्यानं काय केलं ते त्यालाही सांगता आलं नसतं. पाय ऍक्सिलरेटरवरून सुटला नाही एवढंच. चाकाला कुठेतरी खडक लागला, गाडीनं गचका खाल्ला आणि ती माथ्यावर आली.

 मागे देवीचा जयजयकार झाला आणि त्याला जोडूनच मामाचा. कुंदन खाली उतरला आणि त्यानं रुमालानं तोंड पुसलं.

देवीपुढे पाट मांडला. कुंदन पाटावर बसला, भाचा मांडीवर. न्हाव्यानं पाणी लावलं, पोराच्या आत्यानं केस झेलायला पदर धरला. पोरानं मामाचं बोट गच्च पकडलं आणि वस्तरा फिरू लागला तसं ते रडायला लागलं. केस गेले आणि ते एवढंसं, ऊबदार डोकं कुंदनच्या तळहातात आलं. टाळूवर कातडी हलकेच उडत होती. आपण हे डोकं फळक्यापाशी नेऊन ठेवलं होतं, वजन म्हणून, असं त्याच्या मनात आलं.

गिरधरनं कुंदनला टोपी घातली, खांद्यावर टॉवेल ठेवला. धुरपदाबाईंनी मीठ-मिरच्या ओवाळून त्याची दृष्ट काढली. “तू व्हता म्हनीसन वाचनूत रे दादा,” त्या म्हणाल्या. कुंदनला वाटलं, जमिनीनं पोटात घ्यावं तर बरं. पंगतीत मटणाचा रस्सा झणझणीत झाला होता, पण त्यानं अर्धी भाकर तशीच ठेवली. समोर गिरधर भावांना सकाळची गोष्ट सांगत होता, अगदी रंगवून, हवेत स्टिअरिंग फिरवून. शेपटी कशी वळली, मामानं कशी ओढली. सगळे हसत होते. कुंदनला पहिल्यांदाच ती गोष्ट ऐकवली नाही. तो हात धुवायचं निमित्त करून उठला.

परतताना खिंडीची देवीकडच्या बाजूची चढण लागली. तोच मुरूम, तीच दरी, फक्त बाजू उलटी. पायथ्याशीच कुंदननं इंजिन बंद केलं आणि सगळ्यांना उतरायला सांगितलं.

“काबरं?” गिरधर म्हणाला. “सकाये तं बठ्ठा बसीसनच उनूत ना!” सकाळी खरंच कोणी उतरलं नव्हतं.

“उतरा,” कुंदन म्हणाला. त्यानं स्वतः जाऊन फळका उघडला.

लोक उतरले. लोटननाना एका धोंड्यावर बसले. “रिकामी चढाव नही ती,” ते म्हणाले. “दगडं भरा.”

मग रांग लागली. पुरुष लागले, बाया लागल्या, पोरासोरांनीही हात लावला. दगड हातोहात गाडीत जाऊ लागले. नव्या साड्यांना माती लागली, कोणाच्या पांढऱ्या शर्टाची वाट लागली, पण कोणीही नाक मुरडलं नाही, उलट थट्टामस्करीला ऊत आला. ज्याची कुंदनला सकाळी एवढी लाज वाटली होती ते हे असं, हसतखेळत होऊनही गेलं. पाणी पिऊन, तंबाखू मळून लोक बाजूला उभे राहिले तरी ऊन तसंच वर होतं. एवढ्याशा वेळासाठी, कुंदनला वाटलं. एवढ्याशासाठी.

“आखो मांगे ठेवा,” नाना रांगेतल्या शेवटच्या पोराला म्हणाले. “वजन मांगेच लागस, चाकेसवर.”

पोराला कडेवर घेऊन दीपमाला तिथेच उभी होती. तिनं नानांकडे पाहिलं, मग भावाकडे. कुंदन घाईनं केबिनमध्ये चढला.

गाडी चढली. सकाळइतकीच चांगली चढली. आणि माथा जवळ आला तशी सकाळसारखीच चाकं सुटली. शेपटी दरीकडे वळली, मागचं चाक एका धोंड्यावर आदळलं आणि गाडी तिथेच अडकली. त्या दणक्यानं फळक्याची कडी निघाली. फळका धाडकन खाली पडला आणि दगड सुटले. एकामागून एक, जवळजवळ सगळेच. खडकांवर आपटत, साबरी मोडत ते दरीत गेले. त्यांचा आवाज बराच वेळ येत राहिला, आणि थांबला तेव्हा खाली उभ्या असलेल्या माणसांपैकी कोणीही हललं नव्हतं. बायांचे हात तोंडावर होते.

पुरुषांनी धावत येऊन चाकांमागे अडकण म्हणून दगड लावले. खांदे लावून ढकललं आणि उरलेली वाट गाडी कशीबशी चढली. माथ्यावर कुंदन उतरला. मागून सगळे चालत वर आले. दीपमाला त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

“भाऊ,” ती म्हणाली, “सकाये तू आमले मांगे सरकाडं, ते वारासाठेच ना?”

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला ‘हो’ हवं होतं. ‘हो’ म्हटलं असतं तर तिनं ते धरून ठेवलं असतं, जन्मभर, हे कुंदनला दिसत होतं. मान हलवली असती तरी पुरलं असतं.

“नही माय,” तो म्हणाला. “वजन पाहिजे व्हतं.”

“माले मालुम व्हतं,” मागून लोटननाना म्हणाले. “मीबी बोलनू नही.”

कोणीतरी आईबहिणीवरून शिव्या घालाव्यात, गिरधरनं कानाखाली वाजवावी, असं कुंदनला फार वाटलं. गिरधर नुसता त्याच्याकडे बघत राहिला, ओळख विसरल्यासारखा. धुरपदाबाईंनी नातवाच्या उघड्या डोक्यावर पदर टाकला आणि सुनेला म्हणाल्या, “चाल.” त्या दोघी उतरायला लागल्या. त्यांच्यामागून बाकीचे. नानाही लंगडत निघाले. कुंदन दार उघडून त्यांना बसा म्हणाला, तर त्यांनी हातानंच नको म्हटलं.

खिंड उतरून, नाला ओलांडून, डांबरी रस्त्यापर्यंत सगळे चालत गेले. कुंदन पहिल्या गिअरमध्ये रिकामी गाडी घेऊन त्यांच्यामागून येत राहिला. हॉर्न वाजवायची त्याला हिंमत झाली नाही.

डांबरीवर मात्र त्यांना गाडीत बसावंच लागलं. गाव लांब होतं आणि त्या रस्त्याला दुसरं वाहन नव्हतं. एकेक जण चढला, गिरधरनं फळका उचलून कडी घातली. कुंदननं डोक्यावरची टोपी काढून डॅशबोर्डवर ठेवली आणि गाडी सुरू केली.

केबिनच्या मागच्या काचेतून त्याला मागचं दिसत होतं. सगळे पुढे, केबिनला चिकटून, एकमेकांच्या अंगावर बसले होते. अर्धी गाडी मोकळी होती. फळक्यापाशी एक चुकलेला दगड तेवढा इकडून तिकडे घरंगळत होता. ऊन कलायला लागलं होतं, पण केबिनची पाठ तापली होती आणि त्या दाटीत पोर घामानं भिजून रडत होतं, थांबता थांबत नव्हतं. मागे वारा चांगला सुटला होता. दीपमाला पदरानं पोराला वारा घालत राहिली, पण जागची हलली नाही.