आप्पांची खा-खा

माझं काम उंदरांना भूक लावायचं. इन्सुलिन टोचलं की रक्तातली साखर उतरते, मेंदूतल्या काही पेशी बोंब ठोकतात आणि पोट भरलेला उंदीरसुद्धा खाण्यावर तुटून पडतो. किती मिनिटांत, ते मी लिहून ठेवते. बारा वर्षं हेच करतेय आणि यावर भाषणंही ठोकते.

आप्पा, म्हणजे माझे वडील, इन्सुलिनवर होते. आई गेल्यावर माझ्याकडे राहायला आले. सकाळी आधी त्यांना टोचायचं, मग प्रयोगशाळेत जाऊन उंदरांना, असा माझा दिवस. महिन्याभरात आप्पांना खा-खा सुटली. न्याहारीला दोन तास होत नाहीत तोच डबे उघडत हिंडायचे. एका रविवारी साखरेचा बकाणा भरताना मी त्यांना पकडलं.

"या वयात चोरून खाता, आप्पा?"

"अगं, जीव कासावीस होतो. हात थरथरतात."

"माझ्यासमोर नाटकं नकोत. मी हेच शिकलेय."

लगेच त्यांचं रक्त तपासलं. साखर खाल्ल्यावर ती वाढलेलीच दिसणार, पण एवढी अक्कल मला कुठली? मी डोस वाढवला आणि कपाटाला कुलूप ठोकलं. आप्पा दोन आठवडे मागत राहिले, मग गप्प झाले. म्हातारा वळणावर आला, असं मी नवऱ्याला ऐटीत सांगितलं.

गेल्या मंगळवारी दुपारी घरी आले, तर आप्पा खुर्चीत घामाने निथळत बसलेले. डोळे उघडे, पण हाकेला ओ नाही. समोर वाढून ठेवलेलं ताट तसंच.

"शुगर अठ्ठावीसवर उतरलीय, सत्तरच्या खाली जाता कामा नये," दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला. वयाने माझ्याहून दहा वर्षांनी लहान. "डोस जास्त होतोय. मधेच भूक, थरथर असं काही व्हायचं का?"

"व्हायचं. पण मग थांबलं."

"थांबत नाही, मॅडम. साखर वरचेवर उतरत राहिली की मेंदू इशारा देणंच सोडतो. मग भूकही लागत नाही."

हे तो मला समजावत होता. मी पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी मान डोलावली. कुठे काम करते, ते सांगायची हिंमत झाली नाही.

सलाईनमधून साखर गेली तसे आप्पा शुद्धीवर आले. नर्सने गोड पाण्याचा कप त्यांच्या ओठांना लावला. त्यांनी घाईघाईने तोंड फिरवलं आणि मला शोधलं.

"मी मागितलं नाही हं," ते म्हणाले.