डोके दुखत नव्हते

३ डिसेंबर १९९६, पहाटेचे पाच वाजून वीस मिनिटे. शांतादेवींनी फडताळातल्या गोळ्या मोजल्या. तीसपैकी सव्वीस शिल्लक. डॉक्टरांनी रक्तदाबाची ही गोळी रोज एक सांगितली, त्याला महिना उलटून गेला होता.

"अहो, रोज घ्यायची म्हणले होते ना डॉक्टर?"

"डोकं दुखतंय का माझं? न्हाई. चार डाव दुखलं, चार घेतल्या." राजेश्वर कोरे इष्टलिंगाची पूजा आटोपून विभूती लावत होते. "उगं कावून पोटात औषध ढकलायचं?"

शांतादेवींनी डबा भरला : भाकरी, खारवलेली मिरची, लोणचे. मीठ कमी करा, हेही डॉक्टरांचेच सांगणे. दोन दिवस तसे केले तर राजेश्वरांनी पुढचे ताट बाजूला सारले. तिसऱ्या दिवशी त्यांनी नाद सोडला.

परळीच्या वीज केंद्रात राजेश्वर बॉयलरच्या पाळीवर होते. एकवीस वर्षे दर तासाला काट्यावरचा वाफेचा दाब वाचून वहीत उतरवला. अंदाजाने एकही आकडा लिहिला नाही. दुपारच्या जेवणाला त्यांनी सोबतच्या उत्तरेश्वरला घरची गंमत सांगितली.

"बायको गोळ्या मोजते बे माझ्या!"

"मोजू दे की. बॉयलरला इचारतो का तू कधी, बाबा, डोकं दुखतंय का म्हणून? काटाच बघतो ना बे?"

राजेश्वर हसायला गेले. हसू ओठांतच अडकले. खरेच, फुटेपर्यंत बॉयलर कुठे कण्हतो? महिनाभरात आपला दाब आपण एकदाही मोजून घेतला नव्हता. दोनला पाळी सुटताच दवाखाना गाठायचा, असे त्यांनी ठरवले.

एक वाजताचा आकडा वाचून त्यांनी वहीवर पेन टेकवले. आकडा दिसत होता, कळत होता. बोटे तेवढी ऐकेनात. पेन घरंगळले. उत्तरेश्वरला हाक मारायला तोंड उघडले, तर नुसती घरघर बाहेर पडली. उत्तरेश्वरने धावत येऊन सावरले, तेव्हा उजवा पाय लुळा पडला होता. डोके मात्र अजूनही दुखत नव्हते.

दवाखान्यात दाब भरला दोनशे तीसवर एकशे तीस. जीव वाचला, उजवी बाजू आणि वाचा गेली.

घरी आणल्यावर शांतादेवी रोज समोर बसून एकेक शब्द वदवून घेऊ लागल्या. पाणी. नको. दार. सहा महिन्यांनंतर राजेश्वरांना बोलता येणारे शब्द होते अकरा.